शेजारच्या संगणकावर लिनक्स बसवताना

श्रोतेहो, नमस्कार.

14 ऑक्टोबर 2025 पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. आपल्या सीमाभागातल्या घरांत, दुकानांत असे संगणक अजून पुष्कळ आहेत. साधारण आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असेल, तर त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. पण 4 जीबी रॅम असेल तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती त्यावर व्यवस्थित चालते. ती दुसऱ्याला बसवून देणाऱ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे.

ही मंडळी बहुधा बातम्याही मनापासून ऐकणारी असतात. जनगणना तोंडावर आली आहे, 1 मार्च 2027 ही तिची संदर्भ तारीख. मातृभाषेच्या रकान्यात आपली नोंद नीट होईल ना? पुढं मतदारसंघांची फेररचना झाली तर कर्नाटकाच्या लोकसभेतल्या 28 जागांचं काय होईल? महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा कधी निकाली निघेल? ही काळजी रास्त आहे, ती मनातून काढून टाका असं कुणी सांगू नये. मात्र डिस्कला हात लावायची वेळ आली की मोबाइलवरचा वाद थांबवा. कारण या कामात भरून न येणारी चूक एकच आहे, आणि ती लक्ष दुसरीकडे असतानाच होते.

लिनक्स बसवायचा पेनड्राइव्ह तयार करण्याआधी लिनक्सवरचं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि एल, एस, बी, एल, के ही पाच अक्षरं लिहून एंटर दाबा. जोडलेल्या डिस्कची यादी येईल. 8 जीबीचा पेनड्राइव्ह साडेसातच्या आसपास दिसतो, 500 जीबीची हार्डडिस्क 465 दिसते. आकार बघून ओळखा, नावावर जाऊ नका. एसडीए आणि एसडीबी या डिस्कच्या नावांत एका अक्षराचा फरक आहे. तिथं चुकलात तर दुकानदाराचा सगळा हिशेब पुसला जातो. म्हणून आधी त्याच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातल्या चार-पाच उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणजे फाइल शाबूत आहे असं नव्हे.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं असेल, तर विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळं ते पुरतं बंद होत नाही, आणि त्या भागातल्या फाइली लिनक्समधून फक्त वाचता येतात, त्यांत बदल करता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बसवताना वायफाय सापडत नसेल, तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा आणि मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

आता आपल्याकडचा खास अडथळा. जुन्या मराठी फाइली श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये असतात, कन्नड फाइली नुडीच्या. त्यांतल्या बऱ्याचशा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात, त्यामुळं लिनक्सवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. विंडोज जाण्याआधीच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण नंतर ते दुप्पट होतं.

लिहिण्यासाठी सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट इथं जा आणि ‘यूज सिस्टम डिफॉल्ट्स’ची खूण काढा, तोवर बाकीची बटणं चालत नाहीत. मग इंग्रजीसोबत मराठी कगप फोनेटिक आणि कन्नड कगप फोनेटिक हे दोन्ही जोडा. हा कळफलक कन्नड गणक परिषदेच्या मांडणीवर बेतलेला आहे, आणि मराठीलाही तोच चालतो. ‘के’ दाबलं की मराठीत मराठी क, कन्नडमध्ये कन्नड क. शिफ्टसह ख. जोडाक्षराचा हलंत दोन्हीकडे ‘एफ’वर. एक शिकलात की दुसरी लिपी बोटांना निम्मी येते.

दोन्ही भाषा बसवाच, असा आमचा आग्रह आहे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, घरची पत्रं मराठीत लिहायची असतात. एखाद्याला एकच लिपी देऊन त्याचं अर्धं काम अडवून ठेवण्यात कुणाचाच अभिमान नाही. समोरचा कुठल्या पक्षाचा, कुठल्या झेंड्याखाली उभा राहतो, हे विचारू नका. त्यानं स्वतःहून विषय काढला तर ऐका, पटलं नाही तर तसं सांगा, पण काम अर्धवट टाकून उठू नका. देशाची काळजी वाहणाऱ्यानं शेजाऱ्याला स्वतःचे कागद स्वतः वाचता येतील एवढं करून द्यावं. मतदार यादीचीच गोष्ट घ्या. तिची पीडीएफ पुष्कळदा फोटोसारखी असते, त्यात शोध लागत नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ओळखपत्राचा क्रमांक टाकून नाव कसं बघायचं, ते त्याच बैठकीत त्यांच्या हातानं करवून घ्या.

त्यांच्या आधारच्या प्रती तुमच्या पेनड्राइव्हवर राहिल्या असतील, तर काम संपताच त्यांच्यासमोर पुसून टाका. टाइमशिफ्ट या प्रोग्राममध्ये एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघाड झाल्यास मागं जाता येईल अशी प्रणालीची प्रत, घ्या, जागा कमी असेल तर दोनच ठेवायचे असं ठरवा. पासवर्ड त्यांनाच टाकू द्या, तुम्ही सुचवू नका. प्रिंटरवर एक मराठी आणि एक कन्नड पान काढून बघा. जुन्या कॅनन एलबीपी 2900 प्रिंटरला कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो सरळपणे बसत नाही, तेव्हा त्या कामासाठी वेगळा दिवस मागून घ्या. शेवटी पेनड्राइव्ह काढून संगणक दोनदा बंद-चालू करा, आणि दुसऱ्या वेळी बटण त्यांनाच दाबू द्या.