सुनेच्या नावावरची ठेव आणि कर खात्याची नजर
(सोलापुरातील टॉवेल-चादर उत्पादकांपुढील व्याख्यान, संपादित)

बिल न फाडता माल विकला की ती चोरी, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. प्रश्न मधल्या पट्ट्याचा आहे. कागद खरे, व्यवहार बँकेतून, तरी कर खातं म्हणतं की हे फक्त कर वाचवायला केलंय.

त्यासाठीचे 'गार' (GAAR), म्हणजे करटाळणी रोखणारे सर्वसाधारण नियम, 1 एप्रिल 2017 पासून लागू आहेत. त्यांची धास्ती तुम्हाला नको. करलाभ वर्षाला 3 कोटींच्या पुढे गेला तरच ते लागतात. तेव्हाही प्रकरण आधी प्रधान आयुक्तांकडे, मग तीन सदस्यांच्या पॅनेलकडे जातं. त्याचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश.

तुम्हाला गाठतं ते प्राप्तिकर कायद्याचं कलम 64, म्हणजे घरच्या माणसाच्या नावावर वळवलेलं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवणारं कलम. (कलमांचे आकडे 1961 च्या कायद्यातले सांगतो, सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.) सासऱ्याने सुनेला 10 लाख बक्षीस दिले, तिने 7 टक्क्यांनी ठेव केली. 70 हजार व्याज सासऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. हेच पैसे सज्ञान मुलाला दिले तर व्याज मुलाचं! त्या 70 हजारांची पुन्हा ठेव केली, तर तिच्यावरचं 4,900 व्याज मात्र सुनेचंच. मूळ ठेवीचं व्याज आणि व्याजावरचं व्याज दर वर्षी वेगळं लिहून ठेवत नाहीत, म्हणून सगळंच सासऱ्याच्या माथी येतं. दोन भावांनी एकमेकांच्या बायकांना बक्षीस देण्याची युक्तीही जुनी झाली. व्यवहार जोडलेले दिसले की खातं त्यांना एकच समजतं.

मला खटकतं ते याच कलमातलं पगाराचं पोटकलम. बायको रोज कारखान्यात टॉवेलच्या कडा तपासते, डझन मोजते, बिलं करते. धंद्यात नवऱ्याचा 20 टक्के किंवा जास्त वाटा असेल, तर तिचा पगार त्याच्या उत्पन्नात मिळवतात. सूट फक्त तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान आणि अनुभवावर मिळालेल्या पगाराला. पदवीच हवी असं नाही, असं न्यायालयाने म्हटलंय, पण सिद्ध करायचं तुम्ही. कोट्यवधींच्या व्यवहाराला न्यायाधीशांचं पॅनेल आणि या बाईच्या पगाराला एक नोटीस, हे न्यायाचं वाटत नाही.

नोटीस आल्यावर हजेरीपट तयार करायला बसू नका. आधीपासून नेमणूकपत्र हवं, त्यात काम नेमकं लिहिलेलं. 'देखरेख' असं मोघम लिहिलं की गाडी अडते. पगार तिच्या स्वतःच्या खात्यात दरमहा जावा, आणि त्याच कामाला बाहेरच्या माणसाला देता तेवढाच असावा. मार्चअखेरीस एकदम वर्षाचा पगार टाकला तर कुणीही विचारील.

सुनेला पैसे द्यायचेच असतील तर कर्ज म्हणून द्या. करार करा, 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देऊ नका, व्याज बँकेच्या दराच्या जवळपास ठेवा. ते व्याज खरोखर सासऱ्याच्या खात्यात यायला हवं. वहीत नुसतं जमा धरून ठेवलं, तर हे कर्ज नसून बक्षीसच होतं, असं म्हणायला खात्याला वाव मिळतो.