शहाण्णव धावांची निवृत्ती

नमस्कार श्रोतेहो. आज सुनील गावसकरांच्या अखेरच्या वर्षाबद्दल बोलू या, म्हणजे 1987 बद्दल.

वय 37. मार्चमध्ये अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी कसोटीतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या. तिथवर तोपर्यंत कुणीच पोचलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर तिथेच बॅट म्यान केली असती. बरं झालं, यांनी नाही केली, कारण पुढची, म्हणजे त्यांची अखेरची कसोटी बंगळूरला होती.

ती खेळपट्टी म्हणजे फिरकी गोलंदाजांचं माहेरघर. पाकिस्तानचा पहिला डाव 116 धावांत आटोपला, त्यात मणिंदर सिंगचे सात बळी. चौथ्या डावात आपल्याला हव्या होत्या 221 धावा. इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमदचा एक चेंडू हातभर वळायचा, दुसरा छातीपर्यंत उसळायचा. गावसकर चेंडू अगदी शेवटच्या क्षणापर्यंत बघायचे आणि बॅटची पकड सैल सोडायचे, म्हणजे कड लागली तरी चेंडू पायाशीच पडावा. असे पाच तासांहून जास्त ते उभे राहिले. बाकी एकाही फलंदाजाला तिशी गाठता आली नाही. 96 वर कासिमनं त्यांना स्लिपमध्ये झेलबाद केलं आणि भारत 16 धावांनी हरला. त्यांच्या खात्यात 34 कसोटी शतकं आहेत, पण मला विचाराल तर त्यातल्या बहुतेकांवरून मी हे 96 ओवाळून टाकीन.

ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर एमसीसी या इंग्लंडमधल्या जुन्या क्रिकेट क्लबच्या द्विशताब्दी सामन्यात त्यांनी 188 धावा केल्या. त्या मैदानावर त्यांचं शतक राहिलं होतं, ते झालं. सामना मात्र अधिकृत कसोटी नव्हता.

मग विश्वचषक. 1975 मध्ये साठ षटकं खेळून नाबाद 36 करणारा हाच माणूस! नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध गटात पहिलं यायला धावगती वाढवणं भाग होतं, नाहीतर उपांत्य सामन्यासाठी लाहोर गाठावं लागलं असतं. अंगात ताप असताना गावसकरांनी चॅटफिल्डला लागोपाठ दोन षटकार आणि दोन चौकार ठोकले, आणि 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं हे एकुलतं एक शतक. चेतन शर्माची हॅटट्रिकही त्याच दिवशीची, बिचारी झाकोळली गेली.

लाहोर टळलं, वानखेडे मिळालं. तिथे 5 नोव्हेंबरला इंग्लंडच्या डिफ्रेटसनं त्यांचा चार धावांवर त्रिफळा उडवला. पुन्हा काही ते भारताकडून खेळले नाहीत.