रविवारची सकाळ कुणाची?

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिला तो 'माझी पहिली मॅरेथॉन'. मी सहकारी बँकेत कॅशियर आहे, राहते डोंबिवलीत, वय पन्नाशीच्या अलीकडे. मुंबई मॅरेथॉनचं पूर्ण अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, मी धावले त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून जो भेटतो तो दोन प्रश्न विचारतो. गुडघे दुखत नाहीत का? आणि किती वेळ लागला? दोन्हींची उत्तरं देते. पण एक तिसरा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही, आणि माझ्या मते पहिल्या मॅरेथॉनचा गाभा तोच आहे. रविवारी पहाटेपासून दहा वाजेपर्यंत तुम्ही रस्त्यावर होतात, तेव्हा घरचं कोण बघत होतं?

हिशेब मांडते. माझ्यासारखी बाई एक किलोमीटर साधारण आठ मिनिटांत धावते. मॅरेथॉनच्या सरावाला चार-पाच महिने लागतात. आठवड्यात तीन दिवस तास-पाऊण तास धावायचं आणि रविवारी लांब पल्ला. तो पल्ला हळूहळू वाढवत न्यायचा, मध्येच एखादा आठवडा कमी करायचा, आणि असं करत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पोचायचं. शेवटचे दोन-तीन आठवडे पुन्हा उतरत यायचं, म्हणजे शर्यतीला पाय ताजे राहतात. आता तीस किलोमीटर म्हणजे चार तास झाले. त्यात जाणं-येणं, आंघोळ, आणि त्यानंतर डोळे मिटतात तो तास धरा. रविवारची दुपार उजाडते.

आणि नोकरी करणाऱ्या बाईच्या रविवारात काय काय असतं ते इथल्या बायकांना मी सांगायला नको. आठवड्याची भाजी निवडायची, मटकी भिजत घालायची, इडलीचं वाटायचं, चादरी धुवायच्या, नातेवाइकांकडे जायचं किंवा ते येणार. त्यातही मुंबई मॅरेथॉन असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. मागे मोजत जा: सराव सुरू होतो ऐन पावसात, मग गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळी. ज्या रविवारी पल्ला वाढवायचा त्याच रविवारी घरी चकलीची भाजणी. घरातल्या पुरुषाने मॅरेथॉन धावायची ठरवली तर त्याला बूट घ्यावे लागतात. बाईने ठरवली तर सगळ्या घराचं वेळापत्रक नव्याने बसवावं लागतं, आणि पायांपेक्षा ते बसायला जास्त दिवस लागतात.

आमच्याकडे हे जेवणाच्या टेबलावर ठरलं. मी परवानगी मागितली नाही, कामांची यादी ठेवली. रविवारचा नाश्ता, दूध, भाजी, आईंची सकाळची गोळी, यातलं कोण काय घेणार ते बोला, म्हटलं. आमचे हे थोडा वेळ यादीकडे बघत बसले. सासूबाईंनी विचारलं, "बक्षीस किती असतं गं?"

"पदक मिळतं, आई. पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना."

"पूर्ण केलं की सगळ्यांना? मग बरं आहे. कुणाला हरवायला नको." आणि गोळीचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मोबाइलवर गजर लावायला नातीकडून शिकल्या. नाश्ता यांच्याकडे गेला. पहिल्या रविवारी मला किती मीठ घालू म्हणून फोन आला, तोही मी कल्याणच्या अलीकडे धावत असताना. दिवाळीपर्यंत फोन बंद झाले.

हे मी कौतुकाने सांगते आहे, पण एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. आमच्या गटातल्या ज्या बायका सराव अर्ध्यावर सोडून गेल्या, त्यांतली क्वचितच कुणी गुडघ्यामुळे गेली. मुलाची दहावी, सासऱ्यांचं आजारपण, 'रोज उठून कुठे जातेस' हा रोजचा प्रश्न, यांनी गेल्या. त्यांतल्या एकीचे पाय माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते.

बायकांना लांब अंतर झेपत नाही असं जगभर खरंच मानलं जायचं. बोस्टन ही दरवर्षी होणाऱ्या मॅरेथॉनमधली सगळ्यांत जुनी, १८९७ पासूनची. तिथे १९६६ साली बॉबी गिब यांचा अर्ज त्या स्त्री आहेत म्हणून परत आला, तर त्या सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपात थांबल्या आणि पुरुषांच्या लोंढ्यात शिरून पूर्ण अंतर धावल्या. पुढच्या वर्षी कॅथरीन स्वित्झर यांनी नावाची नुसती आद्याक्षरं लिहून नंबर मिळवला, आणि धावता धावता स्पर्धेचा एक अधिकारी तो नंबर ओढून काढायला अंगावर आला. त्याचे फोटो आजही बघायला मिळतात. बोस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. मी तेव्हा शाळेत जायला लागले होते. त्या बायकांना नियमाने अडवलं होतं, म्हणून तो नियम बदलता आला. आपल्याकडे असा नियम कुठे लिहिलेलाच नाही, तो टेबलावरच्या यादीत असतो.

हे शहरी खूळ आहे असंही कुणी म्हणतं. त्यांना मी फडेप्पा चौगुले यांचं नाव सांगते. बेळगावकडचे. पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली पोरं सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचं मनावर घेतलं. चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीचं अंतर तर ४२.७५ किलोमीटर होतं, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचा आहे आणि तो कायमचा ठरला १९२१ मध्ये. आणि आपल्या काळातलं नाव हवं असेल तर ललिता बाबर. माण तालुक्यातलं मोही गाव, दुष्काळी पट्टा. २०१२, २०१३ आणि २०१४, सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या पहिल्या होत्या. लांब धावणं या मातीतलंच आहे.

आता शरीराकडे येते. सुरुवात करायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. बाई 'मला दमच लागतो, माझ्याच्याने होणार नाही' म्हणते तेव्हा पुष्कळदा ती आळशी नसते, तिच्या रक्तात लोह नसतं. माझंही कमी निघालं. डॉक्टरांच्या गोळ्या, नाचणी, पालेभाज्या, उसळी, आणि जेवणानंतर लगेच चहा बंद. तो चहा सोडणं जड गेलं. पण तीन महिन्यांत जिन्यावरचा फरक कळायला लागला.

दुसरी गोष्ट, हळू धावा. शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतकं हळू. गुडघ्यांचं उत्तरही त्यातच आहे. अंतर आणि वेग एकदम वाढवणाऱ्यांचे गुडघे बोलतात. हळूहळू वाढवलं आणि जोडीला मांड्यांचे, कमरेचे व्यायाम केले, तर निरोगी गुडघा ते सोसतो. माझे सोसताहेत. आम्ही ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर धावायचो, आणि चढासाठी अधूनमधून ठाण्याला येऊरला जायचो. चढ चालायचा, उतार धावायचा, हे येऊरलाच ठरलं होतं.

आता शर्यतीचा दिवस. मॅरेथॉनसाठी रेल्वे पहाटे जादा लोकल सोडते. बायकांच्या डब्यात त्या वेळी जे दृश्य होतं ते मी विसरणार नाही. एरवी ज्या डब्यात चौथ्या सीटवरून भांडणं होतात, तिथे प्रत्येकीच्या मांडीवर नंबराचा कागद, सेफ्टी पिनांची पाकिटं, व्हॅसलिनच्या डब्या. एक कॉलेजची मुलगी समोर येऊन बसली, म्हणाली, "काकू, तिरका लागलाय," आणि माझ्या छातीवरचा नंबर काढून चारही कोपऱ्यांना नीट पिना लावून दिल्या. तिचे हात गार पडले होते. तीही पहिल्यांदाच धावत होती.

सीएसएमटीहून अंधारात निघालो. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी. सगळं सोपं गेलं. सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, त्या दिवशी जाता येतं. उजव्या हाताला इमारतींच्या मागून उजाडलं ते तिथेच. वांद्रे, माहीम, शिवाजी पार्कही पार पडलं. ऊन चढलं होतं आणि जानेवारी असली तरी मुंबईची हवा दमट ती दमटच. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे ते आलं, ज्याबद्दल सगळे धावणारे सांगतात: अंगातली ताकद एकदम संपणं.

ते काय असतं हे समजून घेतलं तर त्याची भीती कमी होते. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो ढोबळ मानाने दोन हजार कॅलरींचा. धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. माझं वजन बासष्ट. बासष्ट गुणिले बेचाळीस म्हणजे सव्वीसशे. खात्यात दोन हजार आणि खर्च सव्वीसशे, तर चेक कुठे परत जाणार हे कॅशियरला कळतं. शरीरात चरबीची मोठी ठेव असते, पण ती मोडायला वेळ लागतो, ऐन गर्दीत काउंटरवर पैसे मिळत नाहीत. हळू धावलं की शरीर सुरुवातीपासून त्या ठेवीतूनही काढत राहतं आणि चालू खातं जास्त पुरतं. म्हणून सुरुवातीचा संयम, आणि म्हणून भूक लागायच्या आधी खाणं. मी दर पाऊण तासाला खजूर खात होते, मीठ लावलेला उकडलेला बटाटा बरोबर होता.

तरीही वरळीच्या पुढे पाय माझे राहिले नाहीत. दुखत होते असं नाही, त्यांना निरोपच पोचत नव्हता. डाव्या पायाच्या बोटात फोड फुटल्याचं ओलं ओलं जाणवत होतं. औषधाच्या स्प्रेचा वास सगळीकडे. रस्त्याच्या कडेला पुरुष बसलेले, माझ्यापेक्षा तरुण, पोटऱ्या धरून. त्या टप्प्यावर डोक्यात मोठे विचार येत नाहीत. मी पुढच्या खांबापर्यंत धावत होते आणि मग त्याच्या पुढच्या.

पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पेडर रोडचा चढ दुसऱ्यांदा येतो. पहाटे तो चढ आहे हे कळलंही नव्हतं. ठरल्याप्रमाणे चालू लागले. तिथे इमारतींतले लोक खाली उतरून उभे असतात, कुणाचे ते माहीत नसलेल्या माणसांसाठी. एका आजींनी स्टीलच्या डब्यातून संत्र्याच्या सोललेल्या फोडी पुढे केल्या. फोडींवर मीठ भुरभुरलेलं. मी दोन घेतल्या, त्यांनी मूठभर हातात कोंबल्या. माझ्या नंबरावरचं नाव वाचून त्यांनी मला नावाने हाक मारली आणि म्हणाल्या, "जा, आता उतारच आहे." त्या मिठाची चव मला मरीन ड्राइव्हपर्यंत पुरली. केम्प्स कॉर्नरपासून पुन्हा धावायला लागले आणि सहा तासांच्या आत पोचले. वेळेचं उत्तर हे. त्या वेळी पुरुषांचे विजेते आंघोळ करून जेवत असतील. सहा तास सलग रस्त्यावर राहणं ही वेगळी मेहनत आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

घरी आल्यावर दोन दिवस जिना उलटा उतरावा लागला, अंगठ्याचं नख काळं पडून पुढे गळलं. सोमवारी कॅश काउंटरवर बसले. सासूबाईंनी पदक शेजारी नेऊन दाखवलं. नाश्ता मात्र यांच्याकडेच राहिला, आणि आमच्याकडे सगळ्यांत मोठा बदल तो आहे. मॅरेथॉन संपल्यावर ती यादी जुन्या जागी गेली नाही.

शेवटी एक मागणं आहे, कारण या सभागृहात अनेक सोसायट्यांचे पदाधिकारी बसलेले दिसताहेत. चार तास बाहेर असलेल्या बाईला शौचालय लागतं. पहाटे पाचला सार्वजनिक शौचालयांना कुलूप असतं, म्हणून आमचा रविवारचा रस्ता उघड्या पेट्रोल पंपांवरून ठरतो. पाळी चालू असताना तर कित्येक जणी तो रविवारच सोडतात. तुमच्या गेटपाशी वॉचमनसाठी शौचालय असतं. रविवारी पहाटे ते धावणाऱ्या बायकांना वापरू द्या, वॉचमनला तसं सांगून ठेवा, आणि बाहेर एक पाटी लावा. गेटवरचा दिवा सहापर्यंत चालू ठेवा. ज्यांना हे जमणार आहे त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावं, मी वही आणली आहे. पुढच्या मोसमाचा रस्ता आम्ही त्या वहीवरून आखणार आहोत.