उद्या सकाळी वर्गात मी काय करू?

(दादर इथे पालक, शिक्षक आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण आज लोकलने आला असाल. प्लॅटफॉर्मवर एका ठरावीक जागी बारीक 'पीप पीप' असा आवाज सतत चालू असतो, तो कानावर पडलाच असेल. रोज प्रवास करणाऱ्यांनाही तो कशाचा ते पुष्कळदा माहीत नसतं. अपंगांसाठी राखीव डबा जिथे थांबतो ती जागा न दिसणाऱ्या प्रवाशाला कळावी, म्हणून ते यंत्र बसवलेलं आहे. त्या आवाजाने कोणाची दृष्टी परत येत नाही. पण पांढरी काठी घेतलेला माणूस कोणाचा हात न धरता आपल्या डब्यापाशी येऊन उभा राहतो.

विशेष शिक्षण या आजच्या विषयातले पहिले तीन शब्द त्या प्लॅटफॉर्मवरच सापडतात. डोळ्याची नस काम करत नाही, ही क्षीणता. त्यामुळे डबा शोधता येत नाही, ही कृतीतली मर्यादा. डबा सापडत नाही म्हणून नोकरीवरच जाता येत नाही, हा सहभागातला अडथळा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात ही विभागणी आहे, आणि भोवतालची परिस्थितीही त्यात विचारात घ्यायला सांगितली आहे. नसेचं काय करायचं ते डॉक्टर बघतील. प्लॅटफॉर्मचं काय करायचं ते आपल्याला बघायचं आहे, आणि वर्ग हा आपला प्लॅटफॉर्म आहे.

विशेष शिक्षणात शब्द फार. इथे बसलेल्या बी.एड.च्या मुली ते परीक्षेसाठी पाठ करतात, आणि पालकांच्या अंगावर ते रिपोर्टमधून एकदम येऊन आदळतात. गेली बत्तीस वर्षं मी प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारत आले आहे: हा ऐकल्यावर, उद्या सकाळी वर्गात मी काय करू, याचं उत्तर मिळतं का? मिळत नसेल, तर तो शब्द मला अजून समजलेला नाही.

प्रमाणपत्रापासून सुरुवात करू, कारण पालकांची सगळी धावपळ तिथून सुरू होते. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण), थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती, असे कितीतरी जण त्यात आले. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर काही खास हक्क लागू होतात. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यातलाच. हे सगळं नीट मिळवा, कागद सांभाळून ठेवा. पण तो टक्का हक्कासाठी आहे. "बाई, आमचा साठ टक्के आहे," असं आई सांगते तेव्हा तिचा आवाज खाली गेलेला असतो, जणू मुलगा चाळीस टक्केच उरला. त्या आकड्यावरून मला त्याला वाचायला कसं शिकवायचं ते कळत नाही. कळण्यासाठी मला त्याच्या शेजारी बसावं लागतं.

बुद्ध्यांकाचंही तसंच. सत्तरच्या आसपास किंवा खाली बुद्ध्यांक आला की लोक निष्कर्षावर उडी मारतात. बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत तीन अटी आहेत: बौद्धिक क्षमतेत ठळक मर्यादा, रोजच्या जगण्याच्या कौशल्यांत ठळक मर्यादा, आणि हे सारं वाढीच्या वयात सुरू झालेलं असणं. मधली अट रिपोर्टमध्ये एका ओळीत उरकलेली असते, आणि शिक्षिकेला हवी असते नेमकी तीच. मूल पाणी मागून घेतं का? दुकानातून बिस्किटाचा पुडा आणतं का? लिफ्टमध्ये आपल्या मजल्याचं बटण दाबतं का? तिथूनच माझा पहिला धडा निघतो. 'मतिमंद' हा शब्द २०१६च्या कायद्यात ठेवलेला नाही. तो बोलण्यातूनही जावा असं मला मनापासून वाटतं.

आता माझी एक चूक सांगते, कारण वर्तनाबद्दल मला जे कळलं ते तिच्यातून. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, 'सहकार्य करत नाही.' गणिताच्या तासाला तो पाटी भिरकावायचा. मी त्याला दाराबाहेर उभं करायची. दिवाळीपर्यंत पाटी भिरकावणं दुप्पट झालं. आमच्या मोठ्या बाईंनी मला एक वही दिली, तिच्यात तीन रकाने आखले: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय घडलं. आठवडाभर लिही म्हणाल्या, मत लिहायचं नाही, दिसलं तेवढंच. शुक्रवारी वही वाचली आणि मला रडू आलं. प्रत्येक वेळी पहिल्या रकान्यात वजाबाकी होती. प्रत्येक वेळी तिसऱ्या रकान्यात वजाबाकी बंद झाली होती. शिक्षा म्हणून मी जे करत होते ते त्याला हवं असलेलं बक्षीस होतं. मूल वागतं त्याला काही हेतू असतो: कोणाचं लक्ष हवं असतं, वस्तू हवी असते, एखाद्या गोष्टीतून सुटका हवी असते, किंवा अंगाला त्या हालचालीची गरज असते. त्या मुलाला सुटका हवी होती. मी त्याला 'थांबू या' असं लिहिलेलं एक कार्ड दिलं. ते दाखवलं की दोन मिनिटं थांबायचं, मग पुन्हा गणित. आणि वजाबाकी दहाच्या आत आणली. 'सहकार्य करत नाही' हा शेरा मी त्यानंतर कोणाच्याही पुस्तकात लिहिलेला नाही.

घटक विश्लेषण, म्हणजे टास्क ॲनालिसिस. शब्द जड आहे, काम डब्याएवढं. चार कड्यांचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तो उघडायचा म्हणजे किती पायऱ्या? डबा पिशवीतून काढायचा, सरळ ठेवायचा, डाव्या हाताने दाबून धरायचा, एक कडी, दुसरी, तिसरी, चौथी, झाकण उचलायचं. माझी पद्धत अशी की तीन कड्या मी उघडते आणि चौथी त्याच्यासाठी ठेवते. ती निघाली की समोर पोळी-भाजी. पुढच्या आठवड्यात दोन कड्या त्याच्यासाठी. शेवटच्या पायरीपासून मागे येणाऱ्या या शिकवण्याला उलटी साखळी म्हणतात, आणि तिची गंमत ही की मूल दर वेळी यशावरच थांबतं. पुढून सुरुवात केली तर पहिल्या कडीलाच दमून ते डबा ढकलून देतं.

मदतीच्याही पायऱ्या असतात. हाताला हात धरून, मग कोपराला नुसता स्पर्श करून, मग खुणेने, मग शब्दाने, मग नुसतं थांबून. या क्रमाने मदत ओसरवायची असते. मुंबईत इमारतीभोवती बांबूची परांची बांधतात, रंगकाम झालं की उतरवतात. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली शिकवण्यातल्या मदतीला हाच शब्द, इंग्रजीत स्कॅफोल्डिंग, वापरला. पण आपल्याकडे परांची उतरवायलाच लोक विसरतात. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एकाच मुलासाठी ठेवलेली मदतनीस, चौथीपर्यंत शेजारी बसलेली असते, आणि मूल पेन्सिल उचलण्याआधी तिच्या तोंडाकडे बघतं. मदतनीस ठेवताना तिची मदत कशी कमी करत न्यायची तेही त्याच दिवशी कागदावर लिहा.

अध्ययन अक्षमतेबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण या विषयावरची आपली बहुतेक पुस्तकं इंग्रजीवरून आलेली आहेत. तिथे बी आणि डी उलटे लिहिण्याची उदाहरणं असतात. मराठी मुलाची अडचण आपल्या लिपीत शोधायला हवी. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी काढायची, पण उच्चारात ती नंतर. 'वर्ग' म्हणताना र आधी उच्चारायचा, आणि लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म यांच्यात एका रेघेचा किंवा गाठीचा फरक. जोडाक्षरांची तर गोष्टच वेगळी. साध्या मुलालाही हे शिकायला वेळ लागतो. ज्याला ध्वनी सुटे करून ऐकताच येत नाहीत, त्याचं काय होत असेल! 'मुलगा आळशी आहे, पाठांतर उत्तम, लिहायला नको' असं कोणी सांगितलं की मी आधी त्याच्याकडून टाळ्या वाजवून घेते: 'कमळ' या शब्दात किती टाळ्या? मग 'क' काढला तर काय उरलं? वही नंतर.

आकड्यांचंही तसंच. आपण 'पंचवीस' म्हणतो, पाच आधी, वीस नंतर. मूल ऐकतं तसं लिहितं, ५२. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. मला 'एकवीस' मराठीतून जायला नको आहे. पण ज्या मुलाचे अंक सारखे उलटतात, त्याच्यासाठी 'वीस आणि एक' ही पायरी मी त्याआधीही वापरत होते, आजही वापरते.

इथून आपण 'सवलत' या शब्दाशी येतो. मुंबईत सवलत म्हटलं की रेल्वेचा पास आठवतो, कोणीतरी मेहेरबानीने सोडलेले पैसे. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीसाठी तरतुदी दिल्या, देशात इतर राज्यांच्या आधी. आपल्या शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी पालकांच्या रांगा लागतात त्या या प्रमाणपत्रासाठी. पण 'सवलत' या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या आहेत. जादा वेळ, लेखनिक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका: यात प्रश्न तेच राहतात, त्याच्यापर्यंत पोचायची वाट बदलते. कायदा याला वाजवी समायोजन म्हणतो, आणि तो मुलाचा हक्क आहे. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेणं ही दुसरी गोष्ट. तिथे शिकायचं काय तेच बदलतं, आणि पुढच्या काही वाटा त्यामुळे बंद होऊ शकतात. काही मुलांना त्याची खरोखर गरज असते. पण नुसत्या जादा वेळावर ज्याचं गणित सुटलं असतं, अशा मुलाला गणित आठवीतच सोडायला लावलेलं मी पाहिलं आहे, आणि ते मला आजही सलतं. सही करण्याआधी विचारा: वाट बदलतेय की मुक्काम?

समावेशक शिक्षणाबद्दल थोडक्यात. या शहराचा वारसा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात माझगावला कर्णबधिरांची शाळा निघाली, १९४४ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा सुरू झाली, १९७२ साली डॉ. मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या, मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. शिकवण्याचं बरंचसं कौशल्य अशा खास शाळांनी घडवलं, आणि काही मुलांना आजही तीच शाळा लागते. एकात्मिक शिक्षणात मूल नेहमीच्या शाळेत येतं, पण जुळवून घ्यायचं त्याने. समावेशक शिक्षणात शाळेनेही बदलायचं. २०१६च्या कायद्याचं सोळावं कलम शाळांना हेच सांगतं. शेवटच्या बाकावर खिडकीपाशी बसवून चित्र रंगवायला दिलं, याला समावेश म्हणू नका.

शेवटचा शब्द, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे एकाच मुलासाठी लिहिलेली शिकवण्याची योजना. अमेरिकेत १९७५च्या कायद्याने तो बंधनकारक झाला, तिथून तो जगभर गेला. त्याचा जीव ध्येयाच्या वाक्यात असतो. 'संख्याज्ञान सुधारेल' हे वाक्य माझ्या परीक्षेत नापास. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या आराखड्यात मी लिहिलं होतं, 'कार्डावरचे अंक दहापैकी नऊ वेळा ओळखेल.' तो ओळखायला लागला, मी बरोबरची खूण केली. मग एके दिवशी त्याची आई म्हणाली, याला स्टॉपवर घराची बस ओळखू येत नाही. इंग्रजी माध्यमाचा मुलगा. कार्डं इंग्रजी अंकांची. आणि बेस्टच्या पुढच्या पाटीवर क्रमांक देवनागरीत. त्याच्या बसच्या क्रमांकात ३ आणि ६ दोन्ही होते, एकमेकांचे आरशातले जुळे. वर्गात शिकलेलं बाहेर लागू पडणं, ज्याला आपण सामान्यीकरण म्हणतो, ते मी आराखड्यात धरलंच नव्हतं.

नवीन वाक्य आम्ही तिघांनी मिळून लिहिलं: 'शाळेसमोरच्या स्टॉपवर, दुपारी साडेबाराला, आई चार पावलं मागे उभी असताना, घराची बस सलग पाच दिवस स्वतः ओळखून हात करेल.' कुठे, केव्हा, किती मदतीने, किती वेळा, सगळं त्यात आहे. दर बुधवारी मी त्यांच्याबरोबर स्टॉपवर उभी राहायची. ते जमायला सातवा आठवडा लागला.

तुमच्या खुर्चीवर एक कोरा कागद ठेवला आहे. पालकांनी आपल्या मुलाचं, शिक्षकांनी वर्गातल्या एका मुलाचं, असं एकच वाक्य त्यावर लिहा. दहा मिनिटं घ्या. मग एकेक वाचू, आणि त्यातूनच प्रश्नोत्तरं सुरू करू.