दोरायाकी: आधी अझुकी, मग तवा

(दृश्य: परातीत लालसर दाणे, ते निवडणारी बोटं)

हे अझुकीचे दाणे. मूग, उडीद, चवळी यांच्याच कुळातलं कडधान्य. जपानमधली बहुतेक अझुकी होक्काइदोच्या थंड शेतांत पिकते. घरी दोरायाकी, म्हणजे दोन गोल चकत्यांमध्ये गोड सारण भरलेली जपानी मिठाई, करायची तर सुरुवात इथून, आणि तीही आदल्या दिवशी. वरच्या चकत्या कुणालाही जमतात. खरा कस लागतो तो आतल्या सारणाला, म्हणजे ‘अंको’ला.

आपल्याकडची मुलं या खाऊला ‘डोरा केक’ म्हणून ओळखतात, ती डोरेमॉनच्या हिंदी मालिकेमुळे. मग घरी दोन पॅनकेकमध्ये चॉकलेट भरलं जातं, मुलं खूश होतात. पण कडधान्याचा तो मऊ, मातकट गोडवा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

(दृश्य: उकळतं पातेलं)

दोनशे ग्रॅम अझुकी. भिजत घालायची गरज नाही. तिचं साल इतकं चिवट की पाणी आत शिरायला फार वेळ लागतो, भिजवून फारसं काही साधत नाही. एक उकळी आणायची, चार-पाच मिनिटं खळखळू द्यायचं आणि ते तांबडं पाणी सरळ ओतून टाकायचं. त्याबरोबर तुरटपणा जातो. आता नवं पाणी, मंद आच, तास-सव्वा तास. दाणा पाण्याच्या वर उघडा पडता कामा नये. कुकरच्या शिट्यांनी काम लवकर होतं, पण साली फुटतात, आणि इथे तर अख्खे दाणे दिसणारं ‘त्सुबुआन’ हवं आहे.

साखर कधी घालायची, यावर सगळं अवलंबून आहे. दाणा दोन बोटांत धरून हलकेच दाबला की लोण्यासारखा चिरडला पाहिजे. त्याआधी साखर पडली तर दाणे पुढे मऊ होत नाहीत, कितीही शिजवा. मऊ झाल्यावर जास्तीचं पाणी काढायचं आणि एकशे ऐंशी ग्रॅम साखर दोन-तीन वेळा विभागून घालायची. शेवटी चिमूटभर मीठ. कालथा पातेल्याच्या तळाशी ओढला, की मागे क्षणभर वाट मोकळी राहायला हवी. पुरण आटवलेल्या हाताला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सारण गार झाल्यावर आणखी घट्ट होतं, म्हणून किंचित सैल असतानाच उतरवायचं.

(दृश्य: तोक्योचा उएनो भाग, मिठाईच्या दुकानाबाहेरची रांग)

दोन गोल चकत्या आणि मधे सारण, हे रूप उएनोमधल्या ‘उसागिया’ या दुकानाने १९१४ साली आणलं, असं मानलं जातं. क्योतोच्या ‘सासाया इओरी’ची दोरायाकी मात्र आजही निराळी आहे. पातळ आवरणात गुंडाळलेलं सारणाचं लांब नळकांडं, आणि विक्री महिन्याच्या २०, २१ आणि २२ तारखेलाच. तिथल्या तोजी मंदिरात २१ तारीख बौद्ध गुरू कोबो दाइशींच्या स्मरणाची, म्हणून.

चकत्यांचं मिश्रण कास्तेराच्या नात्यातलं. हा केक पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जपानला नेला. गोव्याहून निघून मकावमार्गे नागासाकी गाठणारी त्यांची जहाजं होती, त्या काळातली ही गोष्ट. कास्तेरात लोणी नाही, दूध नाही. दोरायाकीतही नाही.

(दृश्य: काचेचं भांडं, अंडी फेटणारा हात)

अंडी, साखर, मैदा, तिन्ही जवळजवळ सारख्या वजनाचे. दोन अंडी, नव्वद ग्रॅम साखर आणि एक मोठा चमचा मध फिकट होईपर्यंत फेटायचं. अर्ध्या छोट्या चमच्याला थोडा कमी खायचा सोडा पाण्यात विरघळवून घालायचा, मग शंभर ग्रॅम चाळलेला मैदा. अर्धा तास झाकून ठेवायचं. मिश्रण घट्ट झालंच, तर चमचा-दोन चमचे पाणी. दोरायाकीचा तो खोल तपकिरी रंग येतो मध आणि सोड्यामुळे.

तव्याला तेलाचं बोट लावून तो कापडाने पुसून काढायचा, अगदी कोरडा दिसेपर्यंत. तेल राहिलं की चकतीवर ठिपके आणि पांढरे पट्टे उठतात. मंद आच. डाव थोडा वर धरून मिश्रण एकाच जागी सोडायचं. ते आपोआप गोल पसरतं. वर बुडबुडे येऊन फुटू लागले की उलटायची. दुसरी बाजू अर्धं मिनिटही पुरते. बारा चकत्या होतील, म्हणजे सहा दोरायाकी. प्रत्येक चकती तव्यावरून थेट ओलसर कापडाखाली जाऊ द्या, नाहीतर कडा वाळतात.

कोमट असताना मधोमध सारणाचा उंचवटा ठेवायचा, दुसरी चकती लावायची आणि फक्त कडा दाबायच्या. मग एकेक दोरायाकी घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवायची. सारणातला ओलावा चकतीत उतरतो, आणि दुसऱ्या दिवशीची दोरायाकी ताजीपेक्षा सरस लागते. फ्रीजमध्ये ती कडक होते, म्हणून उकाडा नसेल तर बाहेरच ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. सारण उरेल, ते फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतं.