राजापूरचं मत आणि गिरणगाव

श्रोतेहो, नमस्कार.

राजापूर लोकसभा मतदारसंघ आज नकाशावर नाही. २००८च्या फेररचनेत ते नाव गेलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे नाव आलं. पण कोकणात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, 'राजापूर' म्हटलं की बॅरिस्टर नाथ पै आणि प्राध्यापक मधू दंडवते ही दोन नावं लागोपाठ येतात. त्यांच्या विद्वत्तेबद्दल, सचोटीबद्दल भरपूर बोललं गेलंय आणि ते योग्यच आहे. मला आज बोलायचंय ते त्यांना निवडून देणाऱ्यांबद्दल. माझं म्हणणं असं, की राजापूरचं मत कोकणात पडत असलं, तरी ते बरंचसं घडत होतं मुंबईत, लालबाग-परळच्या चाळींमध्ये.

त्या काळातलं दक्षिण कोकण आठवून बघा. भात जेमतेम सहा-आठ महिने पुरायचं. घरटी एक तरी बाप्या मुंबईला, बहुधा कापडगिरणीत. तिथे गावकीच्या खोलीत दहा-पंधराजण पाळीपाळीने झोपायचे आणि महिन्याला गावी मनीऑर्डर धाडायचे. गावात राहायच्या त्या म्हाताऱ्या, पोरं आणि बायका. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी एक छोटी पट्टी असायची. त्या दोन-तीन ओळींत घरची ख्यालीखुशाली, शेताचं काम, सगळं बसवायचं. मे महिन्यात चाकरमानी बोटीने यायचा. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला बोट बाहेर नांगर टाकायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला लागायची. त्याच्याबरोबर युनियनच्या गोष्टी यायच्या, शिवाजी पार्कवर ऐकलेली भाषणं यायची. रात्री खळ्यात बसून गाव ते ऐकायचं.

१९५२ साली इथल्या दोन्ही जागा काँग्रेसने घेतल्या होत्या. १९५७ला चित्र पालटलं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा मुंबईच्या रस्त्यांवर लढला गेला, त्यात गिरणी कामगारांनी रक्त सांडलं आणि त्याचा जाब कोकणातल्या मतपेटीने विचारला. राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले. शेजारच्या रत्नागिरीत जनसंघाचे प्रेमजीभाई आसर आले. एक समाजवादी, एक जनसंघवाले, आणि दोघांच्याही मागे मुंबईचा एकच प्रश्न!

नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९६२ आणि १९६७लाही तेच आले. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मूलभूत हक्कांवर गदा आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यानंतर संसदेचा तो अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारं खासगी विधेयक त्यांनी मांडलं. देशभर त्याची चर्चा झाली. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचं निधन झालं तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते, आणि लोकसभेची निवडणूक तोंडावर होती.

पक्षाने उभे केले दंडवते. मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे. इंदिरालाटेत महाराष्ट्रातल्या ४५पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. राजापूर मात्र हललं नाही. साऱ्या देशात प्रजा समाजवादी पक्षाच्या वाट्याला दोनच जागा आल्या, त्यातली एक ही. उमेदवार परजिल्ह्यातला, म्हणून कुणी तक्रार केली नाही. मला यात नवल वाटत नाही. मुंबईतल्या चळवळीचा माणूस कोकण्याला परका कसा वाटेल?

दंडवते १९७१ ते १९८९ सलग पाच वेळा आले. त्यातली दोन वर्षं मला फार बोलकी वाटतात. १९८०मध्ये ते राजापुरातून लोकसभेत गेले आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई उत्तर-मध्य मुंबईतून. आणि १९८४, इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक. राज्यात काँग्रेसला ४८पैकी ४३ जागा. तेव्हा जे मोजके विरोधक टिकले त्यांत राजापूरचे दंडवते होते आणि गिरणगावचे, १९८२च्या गिरणी संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत होते. पोरगा मुंबईत संपात, आई गावात रांगेत.

पण तो १९८२चा संपच पुढे सगळं बदलून गेला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यातले असंख्य परत कामावर गेलेच नाहीत. मनीऑर्डरी आटल्या. युनियनचं कार्यालय ओस पडलं आणि चाळीच्या नाक्यावर तरुण पोरांना उरली शिवसेनेची शाखा. १९८५ला मुंबई महापालिका सेनेकडे गेली. तीच पोरं मे महिन्यात, गणपतीला, शिमग्याला गावी येत होती. त्यांच्याबरोबर शाखेची पाटीही आली. १९९०ला नारायण राणे मालवणमधून सेनेचे आमदार झाले. १९९१ला दंडवते पडले. तेव्हा जागा काँग्रेसच्या सुधीर सावंतांना मिळाली खरी, पण १९९६पासून सलग चार वेळा इथून सेनेचे सुरेश प्रभू आले. दंडवत्यांच्या पराभवाला लोकांचा कृतघ्नपणा म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांना मत देणारं जगच गिरण्यांबरोबर बंद पडलं होतं.

कोकण रेल्वेचं दुःख मात्र आजही टोचतं. नाथ पैंनी मागणी लावून धरली, दंडवत्यांनी रेल्वेमंत्री म्हणून पाया घातला, १९९०ला ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना महामंडळ उभं राहिलं. २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावरून गाडी धावली, तेव्हा दंडवते इथले खासदार राहिले नव्हते.

त्यानंतरचा काळ घराण्यांचा आणि फुटींचा. २००९ला काँग्रेसचे निलेश राणे, २०१४ आणि २०१९ला सेनेचे विनायक राऊत, २०२४ला भाजपचे नारायण राणे. प्रश्नही बदलले. मुंबईच्या लढ्याची जागा गावातल्याच सड्याने, म्हणजे कातळाच्या माळाने, जमिनीने घेतली: जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणार आणि मग बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प. २०२४ला राणे ४७,८५८ मतांनी जिंकले, पण सिंधुदुर्गातल्या कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत ते पुढे आणि चिपळूण, रत्नागिरी, राजापुरात राऊत पुढे. एकाच मतदारसंघात दोन जिल्ह्यांनी दोन वेगळे कौल दिले.

आणि मला खरी काळजी आहे ती वेगळ्याच आकड्याची. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, म्हणजे पुरुष तेव्हाही बाहेरच होते. फरक इतकाच, की पूर्वीचा चाकरमानी मनाने गावचा मतदार होता. आज त्याच्या नातवाचं नाव विरार, दिवा, नालासोपाऱ्याच्या यादीत आहे. पूर्वी कुलाबा, रत्नागिरी, राजापूर अशा तीन जागा होत्या. २००८ला त्यांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग अशा दोनच राहिल्या, आणि पनवेल, उरण, कर्जत मावळला जोडले गेले. पुढची फेररचनाही डोकी मोजूनच होणार. तेव्हा, मुंबईत माझं बोलणं ऐकणाऱ्या कोकणकरांनो, गावच्या घराला कुलूप लावताना याचाही विचार करा. दिल्लीत आपल्यासाठी बोलणारी आणखी एक जागा आपण गमवायची का, हे ठरवायची वेळ फार लांब नाही.

नमस्कार.