न्यातपोल: माती, लाकूड आणि पाच छपरे

काठमांडूच्या पूर्वेला भक्तपूर हे नेवार लोकांचे जुने शहर आहे. तेथील तौमढी चौकात आल्यावर मान आपोआप वर जाते, कारण एकावर एक अशी पाच चौकोनी छपरे लहान लहान होत कळसापर्यंत गेलेली दिसतात. नेवारी भाषेतील ‘न्याता’ या शब्दाचा अर्थ पाच. या पाच छपरांवरूनच मंदिराचे नाव पडले, न्यातपोल. पॅगोडा म्हटले की आपल्याला बौद्ध वास्तू आठवते, परंतु नेपाळ खोऱ्यात ही घडण शिव, विष्णू आणि देवी यांच्या मंदिरांचीही आहे. काशीच्या ललिता घाटावरील नेपाळी मंदिर पाहिलेल्या मराठी यात्रेकरूंना ती अनोळखी वाटणार नाही.

हे मंदिर मल्ल राजघराण्यातील राजा भूपतींद्र याने 1702 मध्ये बांधून घेतले. राजाने स्वतः विटा वाहिल्या आणि ते पाहून सारी प्रजा कामाला लागली, असे भक्तपूरचे लोक आजही सांगतात. चौकाच्या पूर्वेला भैरवनाथाचे मंदिर आहे. उग्र भैरवाला शांत करण्यासाठी त्याच्याहून प्रबळ देवीची येथे स्थापना झाली, अशी आख्यायिका आहे. ती देवी म्हणजे तांत्रिक उपासनेतील सिद्धिलक्ष्मी. तिच्या गाभाऱ्यात पुजाऱ्यांखेरीज कोणालाही प्रवेश नाही. सामान्य भाविकाला देवी दिसते ती छपरांना आधार देणाऱ्या तिरप्या लाकडी टेकूंवर. या टेकूंना नेपाळीत टुँडाल म्हणतात आणि त्यांवर तिची रूपे कोरलेली आहेत.

मंदिर पाच टप्प्यांच्या उंच जोत्यावर उभे असून दक्षिणेकडून वर जाणाऱ्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या जोड्या आहेत. सर्वांत खाली जयमल आणि पत्ता हे दोन मल्ल, एक गुडघा टेकून, हाती गदा घेऊन बसले आहेत. त्यांची नावे ऐकून चितोडच्या वेढ्यातील वीरांची आठवण होते. सामान्य माणसाच्या दहापट बळ या मल्लांत, त्यांच्या दहापट हत्तींत, हत्तींच्या दहापट सिंहांत, सिंहांच्या दहापट शार्दूल या काल्पनिक पशूंत आणि त्यांच्याही दहापट वाघिणी व सिंहिणी या देवतांत, असे मानले जाते. वर चढणारा भाविक देवीच्या सामर्थ्याचा हा हिशेब एकेका टप्प्याने मांडत जातो. आत न दिसणाऱ्या देवतेची थोरवी सांगण्याची याहून सुंदर रीत माझ्या पाहण्यात नाही.

परंतु या मंदिराचे खरे कौतुक त्याच्या बांधणीत आहे. भिंती विटांच्या आहेत आणि विटा मातीच्या गाऱ्यात बसवल्या आहेत. चुना नाही, सिमेंटचा तर प्रश्नच नाही. दर्शनी बाजूला ‘दाची अपा’ नावाच्या तुकतुकीत लाल विटा लावतात. त्या मागच्या बाजूला निमुळत्या असल्यामुळे समोरून सांधा केसासारखा बारीक दिसतो आणि गारा आतल्या आत दडतो. पावसाचे पाणी या सांध्यांत शिरले तर माती धुपेल, म्हणूनच छपरांच्या वळचणी भिंतींपासून इतक्या दूर काढल्या आहेत आणि त्यांचा भार टुँडालांवर तोलला आहे. जे सौंदर्य म्हणून डोळ्यांत भरते, ते मुळात मातीच्या भिंतीवर धरलेले छत्र आहे. भिंतीत ठिकठिकाणी लाकडी तुळया आडव्या घातलेल्या असून त्यांचे सांधे लाकडी खुंट्यांनी जखडले आहेत. धरणी हलली की हे सांधे थोडे सरकतात आणि धक्क्याचा जोर त्यांतच बराचसा जिरतो.

या बांधणीची परीक्षा अनेकदा झाली. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपात शेजारचे भैरवनाथाचे मंदिर कोसळले, ते पुढे नव्याने उभारावे लागले. न्यातपोलच्या केवळ सर्वांत वरच्या मजल्याची हानी झाली. 25 एप्रिल 2015 रोजी 7.8 तीव्रतेच्या भूकंपात भक्तपूरच्या दरबार चौकातील वत्सला दुर्गेचे शिखरशैलीतील दगडी मंदिर ढासळले. न्यातपोल मात्र उभे राहिले आणि त्याही वेळी मुख्यतः वरचाच मजला दुखावला.

30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट ज्यांना आठवते, त्यांना येथे थांबून विचार करावासा वाटेल. त्या गावांतल्या भिंतीही मातीच्या गाऱ्यातल्याच होत्या. पण तेथे ओबडधोबड दगडांच्या भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर एकमेकांना बांधलेले नव्हते आणि माथ्यावर मातीच्या जाड धाब्याचा बोजा होता. तेव्हा दोष मातीला देता येत नाही. ती कशाने बांधून ठेवली आहे, यावर सारे अवलंबून असते.

आणि ती बांधून ठेवण्याचे काम एकदा करून संपत नाही. छपरांची ‘झिंगटी’ कौले मातीच्या थरावर बसवलेली असतात. पावसाळ्यात त्यांच्या फटींत गवत उगवते, मुळे खाली उतरतात, कौल हलते, पाणी झिरपून लाकडापर्यंत पोहोचते. ते गवत वेळेवर उपटावे लागते, सरकलेले कौल पुन्हा बसवावे लागते, कुजलेला टुँडाल काढून त्याच्या जागी तसाच कोरलेला नवा लावावा लागतो. दरवर्षी आषाढात मंदिराच्या वर्धापनदिनी एक कारागीर ही पाचही छपरे पार करून ‘गजूर’ म्हणजे कळसापर्यंत चढतो आणि तेथे नवा ध्वज लावतो. खाली तौमढी चौकात लोक माना वर करून त्याच्याकडे पाहत असतात.